बकुलची वही

गेल्या वर्षी सुगी संपल्यावर आमच्या घरी हेळवी आले होते. हेळवी म्हणजे कोण, हे शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगते. दक्षिण महाराष्ट्रात आणि लगतच्या कर्नाटकात घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारा हा समाज. काही वर्षांच्या अंतराने ते गावात येतात, दारात बसून चोपडी उघडतात आणि घराण्याचा मूळपुरुष कोण, तो कोठून आला, त्याला मुलगे किती, त्यांच्या पोटी कोण, असे म्हणत म्हणत थेट आपल्या दारापर्यंत येऊन पोचतात. मग नवी नावे लिहून घेतात आणि धान्य, कपडा, दक्षिणा घेऊन पुढच्या घरी जातात. आमच्या घराण्याच्या नऊ पिढ्या त्यांनी घडाघडा म्हटल्या. ऐकताना अंगावर काटा आला, हे कबूल केले पाहिजे. शेवटी माझ्या धाकट्या भावाचे नाव आले आणि वाचन संपले. मी उंबऱ्यात उभी होते, आई चुलीपाशी होती, आजी भिंतीला टेकून बसली होती. त्या नऊ पिढ्यांत आम्ही तिघी कोठेच नव्हतो.

त्याच महिन्यात महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून मी एक जाडजूड हिंदी पुस्तक घरी नेले. हिंदीच्या मॅडमनी वर्गात त्याचे नाव घेतले होते, एवढेच निमित्त. पुस्तक मुळात बंगाली, लेखिका आशापूर्णा देवी, नाव ‘प्रथम प्रतिश्रुती’, म्हणजे पहिले वचन. ते संपल्यावर त्याचा दुसरा भाग ‘सुवर्णलता’ आणि तिसरा ‘बकुलकथा’ हेही मागून घेतले. परीक्षेचे दिवस धरून मला तीन पुस्तकांना चार महिने लागले. काही पाने एस. टी. त वाचली, काही गोठ्यात म्हशीची धार निघेपर्यंत. हा लेख त्या तीन पुस्तकांविषयी आहे. मी समीक्षक नाही. महाविद्यालयाची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

प्रथम, अनेक पिढ्यांची कादंबरी लेखकाला का लिहावीशी वाटते, याचा विचार करू. एका माणसाच्या आयुष्यात समाजाचा बदल नीट दिसत नाही. सासू सुनेला छळते, एवढेच पाहिले तर सासू दुष्ट वाटते. पण ती सून पुढे सासू होते आणि आपल्या सुनेशी तशीच वागते, हे पाहिले म्हणजे दोष एका बाईचा नव्हे, रीतीचा आहे हे कळते. आणि मधेच एखादी सून ती रीत मोडते, तेव्हा तिला त्याची किंमत काय पडली हेही कळते. एवढे दाखवायला एक आयुष्य पुरत नाही, तीन-चार लागतात.

पण पिढ्या एकमेकींना बांधून ठेवायला एक दोरा लागतो. बहुतेक वेळा तो जमिनीचा किंवा वाड्याचा असतो. आपल्या मराठीत श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ ही दोन खंडांची कादंबरी १९८७ साली आली. तिच्यात कोकणातल्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्या आहेत आणि खोती हा त्यांचा कणा आहे. मल्याळममध्ये तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची ‘कयर’ ही १९७८ ची कादंबरी कुट्टनाडच्या अनेक पिढ्या सांगते, आणि तिच्याही मुळाशी जमीन आहे. आता जमीन बापाकडून मुलाकडे जाते. म्हणून कथाही साहजिकच बापाकडून मुलाकडे जाते. स्त्रिया सून म्हणून कथेत येतात आणि लेक म्हणून कथेतून निघून जातात. त्यात लेखकाचा दोष नाही. दोराच तसा आहे.

आशापूर्णा देवींनी हा दोराच बदलला. त्यांच्या तीन कादंबऱ्यांत कथा आईकडून लेकीकडे आणि लेकीकडून नातीकडे जाते : सत्यवती, तिची मुलगी सुवर्णलता, तिची मुलगी बकुल. या तिघींजवळ जमीन नाही, वाडा नाही, एक आडनावही नाही, कारण लग्नानंतर ते बदलते. मग आई लेकीला देते काय? हाच प्रश्न तिन्ही पुस्तकांत वाहत राहतो.

लेखिकेविषयी थोडे सांगितले पाहिजे. आशापूर्णा देवींचा जन्म १९०९ साली कलकत्त्यात झाला. मुलींना शाळेत घालायचे नाही, हा त्यांच्या आजीचा दंडक होता, म्हणून त्या कधीच शाळेत गेल्या नाहीत. भाऊ अभ्यासाला बसत, त्यांच्या जवळ बसून त्यांनी अक्षरे उचलली. आईला मात्र वाचनाचे विलक्षण वेड होते, त्यामुळे घरात पुस्तके येत. १९२२ साली त्यांची पहिली कविता मुलांच्या मासिकात छापून आली. पंधराव्या वर्षी लग्न झाले आणि पुढचे सारे लेखन संसार सांभाळून झाले. इंग्रजी त्यांना येत नव्हते. ‘प्रथम प्रतिश्रुती’ १९६४ साली पुस्तकरूपाने आली, ‘सुवर्णलता’ १९६७ मध्ये, ‘बकुलकथा’ १९७४ मध्ये. ‘प्रथम प्रतिश्रुती’साठी त्यांना १९७६ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री लेखिका. १९९५ साली त्यांचे निधन झाले. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचे पुस्तक आज आमच्यासारख्यांच्या महाविद्यालयात वाचले जाते, ही गोष्ट मला पुरस्काराहून मोठी वाटते.

आता कथेकडे वळू. काळ एकोणिसाव्या शतकाचा, स्थळ बंगालमधले एक खेडे. सत्यवती ही रामकाली या नामांकित वैद्याची एकुलती लेक. आठव्या वर्षी लग्न लावून ठेवलेले, पण अजून माहेरीच. झाडावर चढणारी, मुलांची टोळी जमवणारी, बायकोला मारणाऱ्या चुलतभावावर जोडगाणे रचून ते गावभर म्हणणारी पोर. मुलांचे पाहून ती ताडपत्रावर अक्षरे काढायला शिकते. घरातल्या बायका हादरतात, कारण बाईने लेखणी धरली तर अनर्थ होतो अशी समजूत. त्यावर पोरीचा सवाल एवढाच की, विद्येची देवता सरस्वती, ती कोण? बाईच ना? रामकालीला यावर उत्तर सुचत नाही, आणि तो स्वतः तिला शिकवू लागतो.

रामकाली हा माणूस मला फार विचार करायला लावतो. तो न्यायी आहे, विद्वान आहे, लेकीवर माया करणारा आहे. एकदा वाटेत त्याला लग्नाला निघालेला नवरदेव भेटतो. वैद्याची नजर; हा मुलगा आता जगत नाही हे तो ओळखतो आणि वऱ्हाड परत फिरवतो. पण तिकडे मांडवात मुलगी बसलेली. त्या काळच्या बंगाली ब्राह्मणांत ठरल्या मुहूर्तावर लग्न लागले नाही तर मुलगी जन्माची बाद आणि घराणे जातीबाहेर. म्हणून रामकाली आपल्या पुतण्याला तेथे नेऊन उभा करतो आणि लग्न लावून देतो. एका मुलीला वाचवले! पण पुतण्याचे आधीच लग्न झालेले असते. घरी त्याची बायको शारदा आहे, तिच्यावर एका रात्रीत सवत आली. रामकालीला वाटते आपण धर्म केला. शारदेचे काय, हा प्रश्न साऱ्या घरात एकट्या चिमुरड्या सत्यवतीला पडतो, आणि तो ती बापाला विचारते.

हे सारे कल्पित असले तरी हवेतले नाही. कुलीन ब्राह्मणांच्या बहुपत्नीत्वाविरुद्ध ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८७१ आणि १८७३ साली पुस्तके लिहिली होती. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला, तोही त्यांच्याच खटपटीने. मुलींसाठी बेथून शाळा कलकत्त्यात १८४९ साली निघाली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८४८ साली, पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली होती. दोन टोकांना एकाच वेळी वारे सुटले होते. १८८३ साली कादंबिनी आणि चंद्रमुखी बसू या दोघी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पण हे शहरात. खेड्यातल्या स्वयंपाकघरात तो वारा पोचायला किती काळ लागला, आणि तो आत येऊ द्यायला एकेका बाईला कोणाकोणाशी भांडावे लागले, हे इतिहासाच्या पुस्तकात मिळत नाही. ते या कादंबरीत मिळते.

सत्यवती सासरी जाते. सासू एलोकेशी जिभेची तिखट, नवरा नवकुमार सरळ पण भित्रा, आईपुढे मान वर न करणारा. सत्यवती त्याच्या मागे लागून कलकत्त्याला बिऱ्हाड करायला लावते, मुलगे शिकावेत म्हणून. तेथे एका अभागी विधवेची पोरकी मुलगी सुहास हिला ती लोक काय म्हणतील याची पर्वा न करता घरात घेते. आणि आपल्या लेकीला, सुवर्णलतेला, शाळेत घालते. हिचे लग्न लहानपणी होणार नाही, ही शिकेल, हे सत्यवतीचे मनाशी केलेले वचन. पुस्तकाचे नाव त्यावरूनच असावे असे मी समजते.

आणि मग तो प्रसंग येतो. नऊ वर्षांची सुवर्ण बापाबरोबर गावी गेलेली असते. आजी एलोकेशी सुनेला न कळवता आपल्या मैत्रिणीच्या मुलाशी नातीचे लग्न उरकते. नवकुमार थांबवू शकत नाही. सत्यवती पोचते तेव्हा सारे झालेले असते. ती ओरडत नाही. ज्या घरात आपल्या शब्दाला एवढीही किंमत नाही त्या घरात पाऊल न ठेवता ती त्याच पावली मागे फिरते आणि बापाकडे काशीला निघून जाते. तीस वर्षांचा संसार एका क्षणात सोडून!

हे वाचून मी इतकी भारावले की रात्री भाकऱ्या करताना आईला सगळी कथा सांगितली. आजीही ऐकत होती. मला वाटले होते, आई म्हणेल, काय धाडसी बाई! आईने परातीतला हात थांबवला आणि विचारले,

“ती गेली काशीला. मग पोरीचं काय झालं?”

मी म्हटले, “ते दुसऱ्या पुस्तकात आहे.”

“पुस्तकात असू दे. पोरगी तिथंच ऱ्हायली न्हवं? आईला जायला काशी हुती. पोरीला कुठं जागा हुती?”

मी गप्प बसले. आई सातवी शिकली, असे आम्ही सांगत आलो आहोत. पण मी जो प्रश्न चारशे पाने वाचून विचारला नाही, तो तिने भाकरी थापताना विचारला. आणि पुढे ‘सुवर्णलता’ वाचायला घेतली तेव्हा कळले की आशापूर्णा देवींनी दुसरे पुस्तक जणू त्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठीच लिहिले आहे.

सुवर्णलता कलकत्त्याच्या दर्जीपाड्यातल्या एका मोठ्या एकत्र कुटुंबात पडते. सासू मुक्तकेशी, दीर, जावा, पोरे, आणि नवरा प्रबोध, संशयी आणि आपमतलबी. आई घर सोडून गेली, या एका गोष्टीवरून तिला जन्मभर टोमणे ऐकावे लागतात. आईचे बंड लेकीच्या वाट्याला कलंक म्हणून येते. हे लेखिकेने लपवलेले नाही, म्हणूनच मला तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. बंडखोर स्त्रीची आरती करून मोकळे होणे सोपे होते.

सुवर्णाचे मागणे मोठे नसते. नवे घर बांधायचे ठरते तेव्हा ती नवऱ्याकडे एकच गोष्ट मागते : रस्त्याच्या बाजूला एक सज्जा. तेथे उभे राहून जाणारी येणारी माणसे पाहता येतील, बस्स. प्रबोध हो म्हणतो. वास्तूच्या दिवशी ती नव्या घरात खोल्याखोल्यांतून सज्जा शोधत फिरते. सज्जा नसतो. घरातल्या बायकांनी रस्त्याकडे पाहायचे कशाला? हा प्रसंग सांगितला तेव्हा आजी, जी सहसा काही बोलत नाही, म्हणाली, “लबाड हाय त्यो.” आणि पुढे आठ दिवस रोज विचारत राहिली, “मिळाला का गं तिला सज्जा?” मिळाला. फार वर्षांनी, दुसऱ्या घरात, आयुष्याचे शेवटचे दिवस उरले असताना. आजीला सांगितले तेव्हा तिने फक्त मान हलवली.

बाहेर इतिहास चाललेलाच असतो. १९०५ साली बंगालची फाळणी होते, स्वदेशीची चळवळ पेटते. सुवर्णा घरातले विलायती कपडे जाळते आणि घरच्यांच्या रोषाला तोंड देते. देश स्वतंत्र व्हावा असे म्हणणारे पुरुष घरातल्या बाईला सज्जाही देत नाहीत, ही विसंगती लेखिका एकही भाषण न करता दाखवते.

सुवर्णा आपल्या आयुष्याची हकीकत लिहून काढते. वर्षानुवर्षे, कामातून वेळ चोरून. अखेर ती एका नात्यातल्या माणसाच्या छापखान्यात छापली जाते. कागद हलका, छपाई गचाळ, पानोपानी चुका. तिचे पुस्तक घरी येते आणि तिचेच नवरा-मुलगे ते हातात घेऊन हसतात. ती काही बोलत नाही. गच्चीवर जाऊन साऱ्या प्रती आणि हस्तलिखित पेटवून देते. लहान मुलगी बकुल हे पाहते.

येथे मला एका खऱ्या बाईची आठवण होते. त्याच बंगालमध्ये राससुंदरी देवी नावाची एक गृहिणी होऊन गेली. तिने मुलाच्या ताडपत्रावरून अक्षरे ओळखली, धर्मग्रंथाचे एक पान स्वयंपाकघरात लपवून ते वाचायला शिकली, आणि पुढे ‘आमार जीबन’ हे आत्मचरित्र लिहिले. बंगाली भाषेतले ते पहिले आत्मचरित्र मानले जाते. आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली निघाल्या. या लिहू शकल्या आणि त्यांचे लिहिलेले टिकले. सुवर्णलता ही अशा बायकांची कथा आहे, ज्यांनी लिहिले पण ते राखेत गेले. त्या किती असतील, हे कोणालाच मोजता येणार नाही.

तिसऱ्या पुस्तकात बकुल मोठी झालेली आहे. शेजारच्या निर्मलशी तिचे मन जुळले होते, पण वडीलधाऱ्यांपुढे तो बोलू शकला नाही. ती अविवाहित राहिली आणि अनामिका देवी या नावाने प्रसिद्ध लेखिका झाली. तिची बहीण पारुल कविता करते, पण कोणाला दाखवत नाही. भावाची मुलगी शंपा मात्र कोणाचेच ऐकत नाही. पाय गमावलेल्या एका कामगार तरुणासाठी ती घर सोडते आणि त्याची साथ सोडत नाही. सत्यवतीने ज्या स्वातंत्र्याचे स्वप्न पाहिले ते आता पोरींना मिळाले आहे. पण ते हेच होते का, असा प्रश्न बकुलला पडत राहतो. खरे सांगायचे तर हे पुस्तक मला पहिल्या दोहोंइतके आवडले नाही. बकुल पाहत बसते, स्वतः फारसे काही करीत नाही, आणि कथा सैल पडते. पण कदाचित लिहिणाऱ्या माणसाच्या आयुष्यात तसेच होत असावे.

मग तिन्ही पुस्तके मिळून काय सांगतात? याचे उत्तर पहिल्या पुस्तकाच्या अगदी सुरुवातीलाच दिलेले आहे, पण ते मला तिसरे पुस्तक संपल्यावर उमगले. सुरुवातीला लेखिका सांगते की सत्यवतीची ही कथा आपली नव्हे, ती बकुलच्या वहीतून घेतली आहे. म्हणजे आजीची कथा नातीने लिहिली आहे. जी आजी तिने कधी जवळून पाहिली नाही, तिची! आईची जळालेली पाने तिला परत मिळाली नाहीत, म्हणून ती आणखी मागे गेली.

वंशावळ वरून खाली येते. मूळपुरुष सापडला की पुढची नावे आपोआप लागत जातात. बायकांची वंशावळ मात्र खालून वर चढावी लागते, आणि चढणारीला लिहिता यावे लागते. माझ्या मते या कादंबऱ्यांतला दोरा हाच आहे. सत्यवतीने लेकीला काय दिले? शाळेचे थोडेसे दिवस. सुवर्णेने बकुलला काय दिले? एक होळी, जी विसरता येत नाही. तिसऱ्या पिढीच्या हाती लेखणी आली तेव्हा आधीच्या दोघींची हार वाया गेली नाही, असे म्हणता येते. पण हे कळायला साठ-सत्तर वर्षे जावी लागतात. ज्या हरल्या त्यांना ते कधीच कळले नाही.

कायद्याची पुस्तके हीच कथा चार ओळींत सांगतात. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरवले, १९४९ साली ते पंधरा झाले, १९७८ साली अठरा. आता आमच्या घरचा हिशेब पाहा. आजीचे लग्न १९७५ च्या सुमारास तेराव्या वर्षी झाले. कायद्याला पंधरा लागत होती. आईचे २००३ साली सतराव्या वर्षी झाले. कायद्याला अठरा लागत होती. म्हणजे आमच्या उंबऱ्यात कायदा पहिल्या वेळी दोन वर्षांनी चुकला आणि दुसऱ्या वेळी एका वर्षाने. मी एकोणीस वर्षांची आहे. कायद्याच्या एक वर्ष पुढे आहे! अनेक पिढ्यांची कादंबरी वाचून मला प्रथमच आपल्या घराकडे असे पाहता आले.

पण पुढे असले म्हणजे झाले, असे नाही. भाग दोनची परीक्षा झाली की ‘बघू’ असे वडील म्हणतात, आणि ‘बघू’ म्हणजे काय हे माझ्या वर्गातल्या मुलींना सांगायला नको. माझे वडील वाईट नाहीत. पण नवकुमार तरी कोठे वाईट होता? या पुस्तकांनी मला हेही शिकवले की, मुलींचे शिक्षण दुष्ट माणसांमुळे थांबते त्याहून जास्त वेळा ते चांगल्या पण न बोलणाऱ्या माणसांमुळे थांबते.

शेवटी बकुलच्या वहीवरून आठवलेली एक वही. आई द्राक्षबागांत मजुरीला जाते, छाटणीला आणि विरळणीला. आठ-दहा बायकांची टोळी असते. कोण किती दिवस आली याचा हिशेब आई एका शंभर पानी वहीत लिहिते, कारण टोळीत लिहिता येणारी ती एकटी. एका हंगामात मुकादमाने नऊ दिवस धरले होते. आईच्या वहीत अकरा होते, नावानिशी आणि वारानिशी. सगळ्या बायका वहीमागे उभ्या राहिल्या, आणि दोन दिवसांचे पैसे मिळाले. घरात याला कोणी लेखन म्हणत नाही. मीही आजवर म्हटले नव्हते.

त्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर मी आमची दुसरी वंशावळ लिहायला घेतली आहे, खालून वर. पहिले माझे नाव. त्यावर आईचे. त्यावर तिच्या आईचे. त्यावर तिच्या आईचे, म्हणजे माझ्या पणजीचे. नाव आईला आठवले, पण पणजीचे माहेर कोणते हे आठवेना. त्याच्या वरचे नाव कोणालाच ठाऊक नाही. आजीच्या बाजूनेही लिहून पाहिले. तेथेही आजीची आई, आणि तिच्यावर नुसतीच ‘म्हातारी’. पुरुषांच्या बाजूला नऊ पिढ्या, आमच्या बाजूला तीन-चार. पुढच्या सुट्टीत आजोळी जाऊन विचारणार आहे. तेथे एक फार थकलेली मावसआजी आहे, तिला ठाऊक असावे.

प्रत्येक नावापुढे मी माहेर, लग्नाचे वय आणि शिक्षण असे तीन रकाने पाडले. आई भांडी घासून आली, पदराला हात पुसत वहीत डोकावली.

“माझं शिक्षान किती लिवलंस?”

“सातवी.”

“नववी लिव,” आई म्हणाली. “परीक्षा दिली न्हाई, पर दिवाळीपतूर वर्गात बसले हुते.”

मी सातवी खोडली आणि नववी लिहिली.